पहिल्या ओळीत दुखरी नस

...नाही, मला सांगा, माणसाचं दुखणं पहिल्याच ओळीत घालायचं, ही काय लिहिण्याची रीत झाली? तुम्हाला सांगतो, बिश्केकच्या शाळेत जन्मभर साहित्य शिकवलं मी, आणि आता म्हातारपणी लिहितो काय, तर प्रपोजलं! माझीच विद्यार्थिनी जाइनागुल, कालपरवापर्यंत पडदे विकायची, आता लाइफ कोच झालीय, पिकल्या केसांच्या कारखानदारांना कसं जगावं ते शिकवते... आणि गिऱ्हाईक गळाला लागेल असं लिहायचं काम माझ्याकडे. "सर, आधी दुखरी नस दाबायची, मग औषध आपलंच." शिसारी येते हो, दुसरं काय.

तर तोकमोक गावचे एर्किनबेक बाइके, म्हणजे आपले दादा म्हणा, मोठी डेअरी त्यांची. माहिती काढायला मला धाडलं. त्या भल्या माणसानं मला घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस पाजलं, तळलेल्या बोरसोकांचं ताट पुढे सरकवलं, आणि आपल्याच वयाचा बघून मन मोकळं केलं... डेअरीवरून मुलाशी वाजलं, तो बायकोला घेऊन पार दक्षिणेला, ओशला निघून गेला, तिकडे नातू झाला, तो अजून पाहिलेला नाही. एवढं बोलले आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले. मी परत येऊन सांगितलं, तर जाइनागुल खूश. म्हणे, नातू पहिल्या ओळीत घ्या. नातू! जसा काही सवलतीचा दरच तो... शिसारी येते हो.

लिहायला बसलो, तर हात चालेना. शेवटी म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात, आणि लिहिलं, 'बाइके, तुम्हाला कोचची गरज नाही. ओशला जा, मुलाच्या दारात उभे राहा, आणि डेअरीचं नाव काढू नका.' तिला न दाखवता दिलं पाठवून.

आठवड्यानं बाइकेंचा तिलाच फोन, मी समोरच, तिनं स्पीकर लावला. पलीकडून पोर किंचाळतंय आणि बाइके म्हणतायत, "नातू मांडीवर आहे माझ्या. स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून खरं सांगणारी माणसं मिळतात कुठे? वर्षभराचं कोचिंग ठरवून टाका. मुलालाही घ्या."

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, आता हाकलते. तर हळूच म्हणाली, "सर, काय लिहिलंत हो. आता सगळ्यांना हेच पाठवायचं."

शिसारी... जाऊ द्या. तेव्हापासून रोज सकाळी बसतो, आणि ओळख ना पाळख अशा कारखानदारांना अगदी कळवळून लिहितो, की बाबांनो, तुम्हाला आमची गरज नाही... एकही लेकाचा ऐकत नाही.