पाठीवरचा भोवरा

दुकानांत पोरांची चित्रं लावायची कल्पना माझीच, त्यामुळं दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी आष्टीत चित्रकला शिकवतो. शाळेत प्रदर्शन भरवलं की बघायला आम्ही मास्तरच. म्हणून यंदा दुकानदारांना गळ घातली. खताच्या दुकानवाल्या शेठनं तर नववीतल्या ऋतुजाचा बैल हौसेनं फ्रेम करून गल्ल्यामागं लावला.

बाजाराच्या दिवशी ऋतुजाला ते दाखवायला घेऊन गेलो, तर चित्रासमोर एक आबा उभे. बैलांच्या व्यापारात हयात गेलेला माणूस. शेठला सांगत होते, "आदी हा बैल खाली उतरवा. पाठीवर केसांचा भोवरा हाय त्याच्या. असला बैल दावणीला आला की घर बुडालंच समजा!"

शेठचा चेहरा पडला. ते स्टूल ओढायला लागले.

मी म्हणालो, "अहो आबा, चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हून काय झालं? भोवरा तो भोवराच!"

मी हळूच ऋतुजाला विचारलं, "रंग लावून झाकायचा का गं तेवढा?"

"न्हाई सर. आमच्या बैलाला जिथं हाय, तिथंच काढलाय मी."

आबा कडाडले, "असला बैल तुझ्या बापाच्या गळ्यात कोण्या लबाडानं मारला?"

ऋतुजा जरा घुटमळली. "तुमीच की, आबा. तवा पाठीवर झूल होती."

आबांनी सावकाश खिशातून चष्मा काढला, डोळ्यावर चढवला आणि चित्र पुन्हा निरखलं.

"ऱ्हाऊ द्या शेठ," ते म्हणाले. "शुभाचा हाय."