पुंजाराम सरांचा नाट्याचा तास

अहो, खोकू नको म्हणाल्या मला! मला! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं शाळेची घंटा देतोय मी, हा कडुबा शिपाई, अन् त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापक रत्नमाला मॅडम म्हणतात, "कडुबा, अतुल सरांना घेऊन सामानाच्या खोलीत बसायचं, त्यांना बाहेर येऊ द्यायचं नाय. तपासणीचे साहेब जाईपर्यंत खोकायचं नाय." चोर हाव का आम्ही? आता बोला!

अतुल सर म्हंजे आमचे नाटकाचे सर. पोरगेलं माणूस, विद्यापीठातून नाट्यशास्त्र शिकलेलं, रोज लासूर स्टेशनहून येतं-जातं. आठवड्याला तीनच तास, पण पोरं अशी वाट बघायची... अन् ती सातवीतली प्रेरणा! आई गेल्यापासून तोंडातून शब्द नाय. हजेरीला नुसती मान हालवायची. सरांनी काय केलं, तिला झाड केलं. मग वारा केलं. मग एक दिवस म्हणाले, "वाऱ्याला आवाज असतो बरं का." अन् पोरगी बोलली हो! मी व्हरांड्यात उभा, तास संपला तरी घंटा द्यायची इसरलो.

पण कागदावर हे सर नाहीतच! कागदावर नाट्याचा तास गणिताच्या पुंजाराम सरांच्या नावावर. म्हणून मॅडम अतुल सरांशी गोड बोलल्या, "साहेबांसमोर पुंजाराम सर तास घेतील. तुम्हीच तयार करा त्यांना. शेरा चांगला आला की तुमची जागा कायम करायचं मी बघते." म्हंजे नाटकाच्या सरांनी गणिताच्या सरांना नाटकाचे सर व्हायचं नाटक शिकवायचं. आता बोला!

अन् पुंजाराम सर कसले? पोरांना नुसतं "रडा" म्हणायचं, तर हे "रडा, सोडवा, पडताळा करा!" आठ दिवस तालीम. दुसरा असता तर म्हणाला असता, खामखा कशाला मगजमारी, जमंल तेवढं जमंल. पण अतुल सर... "सर, पोराच्या डोळ्यांत बघून बोला. उभं राहून नको, खाली बसा त्यांच्यात. घाई नको, त्याचं त्याला सापडू द्या." सगळं, सगळं देऊन टाकलं त्या माणसानं.

तपासणीचा दिवस. आम्ही दोघं तुटक्या बाकांत बसलेलो, भिंतीपलीकडं वर्ग. पुंजाराम सरांचा आवाज आला, मऊ, अगदी अतुल सरांसारखा, तुम्हाला सांगतो, काटा आला अंगावर! अन् इकडं अतुल सर त्यांच्या शब्दाशब्दावर ओठ हालवतायत. मग साहेब म्हणाले, "बेटा, इतकं छान बोलायला कुणी शिकवलं तुला?" मॅडमनी पढवून ठेवलं होतं ना पोरांना! अन् प्रेरणा बोलली. खणखणीत, न अडखळता, "पुंजाराम सरांनी." अतुल सरांनी माझा हात गच्च धरला. मी म्हणलं, गेलं, आता दार उघडून बाहेर जातेत. तर कानात म्हणतात, "कडुबामामा, किती मोकळा आवाज निघालाय तिचा!" अन् मग रडले. आवाज करायचा नव्हता, म्हणून तोंडात रुमाल धरून रडले हो.

शेरा? लई चांगला आला! "गणिताचे शिक्षकच नाट्य इतक्या उत्तम रीतीने शिकवतात. स्वतंत्र शिक्षकाची आवश्यकता नाही." मॅडम वाचत होत्या, अर्ध्यातच त्यांनी कागद उलटा ठेवला. आता बोला! पुंजाराम सर तर हातच धरून बसले, "सर, मी थोडं वाईट करायला पाहिजे होतं हो. चुकलं माझं." अतुल सर म्हणाले, "नाय सर. तुम्ही वाईट केलं असतं तर त्या खोलीत बसून मला ते ऐकवलं नसतं." पिशवी उचलली अन् गेले स्टेशनकडं. कुणी अडवलं नाय, मी पण नाय.

सोमवारी मी चौथ्या तासाची घंटा दिली. वेळापत्रकात नाट्य. पोरं बाक सरकवून, गोल करून, डोळे मिटून बसलेली. पुंजाराम सर लई वेळ दारात उभे राहिले. काय करतील बिचारे, एकच तास पाठ होता, तो होऊन गेला. शेवटी म्हणाले, "चला... वह्या काढा. लसावि."