चूक आमची आहे

हॅलो? हां, बोल सुबोध… नाही, ऑफिसात नाही. भांडुपला आलेय, माहेरी. बाबांबरोबर खाडीत जाऊन आले आत्ता… आपला डबा बघायला, अजून कशाला?

आधी मला सांग, कोळ्यांनी अँटेना तोडली हे तुला कोणी सांगितलं?… अंदाज? अंदाजावर रिपोर्ट लिहिलास? अरे, डबा जागच्या जागी तरंगतोय. दिवा लुकलुकतोय. पाणी तपासतोय, आकडे पाठवतोय, फक्त किनाऱ्यावर काही पोचत नाही…

ऐक तरी. माझ्या डिझाइनमध्ये अँटेना वीतभर काठीवर होती ना? मग झाकणाच्या आत चिकटवली कोणी?… सुटसुटीत दिसावं म्हणून? तिथे बघायला कोण बसलंय, खेकडे? खारं पाणी इतकं जवळ आलं की एवढीशी अँटेना मुकी होते रे…

टेस्ट केलीस? कुठे?… गोरेगावला, ऑफिसच्या गच्चीवर… टबात… नळाच्या पाण्यात. वा, झकास. मूठभर मीठ तरी टाकायचंस.

नाही, हसत नाहीये मी. चिडलेय.

तुझा रिपोर्ट वाचून प्रदूषण मंडळवाले डबा उचलणार, माहितीये ना? 'स्थानिक लोक उपकरणं मोडतात.' मग खाडीत केमिकलचं पाणी सुटतं हे माझे बाबा कशाने दाखवणार? पाच वर्षं सांगतायत, जाळ्यात मेलेली मासळी येते म्हणून. कोणी ऐकलं? हा डबा बसवायला होडी त्यांनीच दिली, सुबोध. आणि तू त्यांनाच…

हो, हो, नाव नाही घेतलंस. तिथले कोळी म्हणजे कोण मग?

चारला पाठवणार होतास ना? थांबव… काय? सकाळीच गेला?

… बरं. मग दुसरी मेल मी पाठवते. आत्ता. अँटेनाची जागा चुकली, चूक आमची आहे, असं स्पष्ट लिहून ठेवलंय… सरांना सांग ना, खुशाल सांग…

काय म्हणालास?… परत बोल.

… हो. नव्या ड्रॉइंगवर सही माझी आहे. घाईत होते, न बघता केली. तेच लिहिलंय, पहिल्याच ओळीत… गेली नोकरी तर गेली.

बाबांना?… होडीतच सांगितलं. ते वल्हवत राहिले.

ठेव आता. मला पाठवायचीये.