खाटेभोवतीच्या पिवळ्या रेषा

हसा खुशाल, राव, पण आमच्या कासारवाडीच्या घरात खाटेभोवती पिवळ्या रेषा आहेत, कारखान्यात मशीनभोवती असतात तशा.

आमचा मोत्या चौथ्या वर्षीच खाटेला धडकायला लागला. त्याची आईही अशीच आंधळी झालेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, “रक्तातूनच आलंय, औषध नाही. फक्त घरातलं सामान हलवू नका, वाट त्याला पाठ होईल.”

मी त्याच दिवशी रंगाचा डबा काढला. बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, आंधळ्या कुत्र्याला रेषा दिसणार कशा?”

“त्याच्यासाठी नाहीत. तू झाडताना खाट सरकवतेस ना, तुझ्यासाठी आहेत.”

मोत्याला जाऊन वर्ष झालं. परवा उकडतंय म्हणून मी खाट खिडकीशी ओढली, तर ही पटकन म्हणाली, “अहो, आधी रेषेत घ्या, धडकेल तो!”