राणी मालिका सांगती

— म्हंजे टीव्हीच्या छत्रीत खोट न्हाई म्हणतोस? पत्र्यावर चढलास, वायर हालवून बघितलीस, आन् आता म्हणायलास, मावशी, कंपनीचं आन् च्यानलवाल्यायचं भांडण हाय. बरं नागनाथा, भांडण त्यायचं, मंग बंद माझ्या घरात कामून? बाकी समदं दिसतंय की — गाणे दिसतेत, कुस्ती दिसती — आन् सांजची माझी मालिका जिथं लागती तिथं नुसती निळी पाटी. मला काय वाचता येतंय व्हय ती?

हसू नकोस. म्हातारीला नाद लागला म्हणतोस ना? ऐक मंग. माझी नात राणी मानवतला दिली. तिचे मायबाप कोयता घेऊन कर्नाटकात, उसाच्या फडावर. लहानपणापसून माझ्याच पदराखाली वाढलं लेकरू. आता तिचा फोन येतो तो सासूच्या मोबाइलवरून — आन् सासू मांडीला मांडी लावून बसलेली, आवाज मोठा करून. मंग राणीनं बोलावं काय? तर मालिका. तिच्या घरी बी तीच, माझ्या घरी बी तीच. ‘आजी, आज सुनेला असं झालं, तसं झालं.’ मी बघितलेलं असतंय समदं. त्यात जे नसतंय अन् राणी वरून घालती — ते तिचं सोताचं. कुणी शिकवलं न्हाई रे, आपसूक जमलं. एकदा म्हणली, सुनेचा हात भाजला. मालिकेत तर ती बाई पाळणा सजवायली होती! दुसऱ्या रोजी मी मलम घेऊन दारात. ‘बाजाराला आल्ते, म्हणलं डोकावून जावं.’

आता ही पाटी लागली, मंग कोणतं मालिकेचं आन् कोणतं राणीचं, मला कळावं कसं? इचारायची चोरी. टीव्ही बंद हाय म्हणावं, तर सासूम्होरं ती पुढं सांगणारच न्हाई काही — हाय तेवढी वाट बी मोडली. मंग मी हं हं करती. ‘बघितलंस ना आजी?’ — बघितलं माय. काय बघितलं? पाटी!

काल म्हणली, सुनेला मागल्या खोलीत कोंडलंय, भाकर न्हाई दिली. मी मनात म्हणलं, मालिकेवाले घालतेत असलं. मंग हळूच म्हणली, आता ती आडाच्या कडंला जाऊन बसती, आजी... आड? नागनाथा, ती सून ऱ्हाती मुंबईत, सातव्या माळ्यावर! म्हणलं, गावाकडं आली असंल. जत्राबित्रा असंल. येतेत की माणसं गावाकडं, न्हाई का? उगं धावत गेले आन् तसलं काही नसलं, तर सासू राग काढणार तो राणीवरच. म्हणून तर तुला बोलावलं, सकाळीच.

तुझी बायको बघती का रे ती? तिच्याकडं दिसती? मंग लाव की फोन. लाव, लाव — एवढंच इचार, सुनेला कोंडलं का म्हणावं.

काय म्हणती?

डोहाळजेवण? काल बी, परवा बी तेच चालू हाय? ...हिरवं लुगडं... झोका... समदे हसायलेत म्हणती. आडाचं इचार. एकडाव इचार रे. आड दावला का कुठं?

ठेव फोन.

न्हाई, नको सांगू आता दुसरी छत्री बसवतो म्हणून. येऊ दे च्यानल न्हाईतर जाऊ दे. तुझी मोटारसायकल काढ. मानवतला. घोटभर राहिलेला चहा असू दे तिथंच — ऊठ!