शिवगोंडाचं भरीव बूच

सरका, मंडळी, जरा पुढं सरका. मागच्या आयाबायांना जागा करून द्या. टाळकरी, तुम्हीपण टेका आता. आख्यान लागलंय, आणि आजचं आख्यान पुराणातलं नाही. ते आहे इचलकरंजीतलं.

आधी एक सवाल टाकतो. आपण घट्ट माणसाचं कौतुक करतो. घरात मयत झालं तरी ज्याच्या डोळ्यांत टिपूस नाही, त्याला म्हणतो 'वाघ आहे'. आणि जो चटकन विरघळतो, त्याला म्हणतो 'कच्चा आहे'. खरंय का हे? विरघळणारा माणूस कच्चा असतो का?

हो म्हणू नका, नाही म्हणू नका. ऐका.

इंग्रजीत एक शब्द आहे, फ्यूजिबल. फ्यूज म्हटल्याबरोबर आपल्या मंडपाच्या वायरमननं मान वर केली बघा. बस बाबा, लाइट आहे अजून! फ्यूजिबल म्हणजे थोड्या आचेनं वितळणारं. शिसं, कथील, हे फ्यूजिबल. शिंपी सदऱ्याच्या कॉलरमध्ये जे कापड इस्त्रीनं चिकटवतो, त्याचा डिंक फ्यूजिबल. आणि बॉयलरमध्ये एक बूच असतं, ते फ्यूजिबल. आजची गोष्ट त्या बुचाची.

सुताला खळ लावायचा कारखाना असतो ना, ज्याला आपण सायझिंग म्हणतो, तिथं शिवगोंडा मगदूम बॉयलरवर होता. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं एकच काम. खाली भट्टी, वर पाणी, पाण्याची वाफ. आता भट्टीच्या छताला एक भोक असतं आणि त्यात हे बूच. पोटात शिसं-कथलाची मिसळ भरलेली. छतावर पाणी आहे तोवर बूच थंड. पाणी कमी झालं, की आच थेट लागते, मिसळ वितळते आणि वरचं उरलंसुरलं पाणी नि वाफ खाली आगीवर कोसळते. आग मरते, बॉयलर वाचतो, माणसं वाचतात. एवढ्यासाठी ते तिथं बसवलेलं.

त्या श्रावणात काय झालं, बूच जुनं झालेलं, ते कारण नसताना गळलं. भट्टी विझली. कारखाना दोन दिवस बंद. मालक अण्णासाहेब भला माणूस. म्हणाला, "हुतंय, शिवगोंडा. नवं बसीव." पण चहाच्या गाड्यावर कुणीतरी हसत विचारलं, "काय मामा, चूल इझली म्हणं तुमची?"

लागलं त्याला ते. तीस वर्षांत ज्याची आग विझली नाही, त्याला हे ऐकायला लागलं. तो लेथवाल्याकडं गेला, त्याच मापाचं पोलादाचं भरीव बूच करून आणलं आणि एकट्यानं बसवलं. कुणाला कळलं नाही. मनात म्हणाला, आता इझंल कशी बघतो.

मार्गशीर्षात त्याची बायको नीलव्वा गेली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होती. उशाशी हा एकटा. लेक महानंदा निपाणीला दिलेली, मध्ये एकदा भेटून गेलेली, पण शेवटाला ती येऊन पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. तिनं अंग टाकलं, आक्रोश केला. हा भिंतीगत उभा. कुणाला काय द्यायचं, गाडी कुठली सांगायची, सगळं त्यानं बघितलं. लोक म्हणाले, वाघ आहे.

तिसऱ्या दिवशी तो कामावर निघाला, तेव्हा लेकीनं दारात अडवलं.

"आप्पा, आई शेवटाला काय बोलली? तुमीच हुता जवळ."

"काय न्हाई. झोपली."

"माझं नाव काढलं न्हाई?"

"झोपली म्हटलं न्हवं."

ती दारातनं बाजूला झाली. मग म्हणाली, "चौतीस वर्षं संसार केलासा. ती कोण हुती तुमची?" त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि कामावर निघून गेला. ती निपाणीला गेली. आठ दिवस रोज फोन करायची. हा म्हणायचा, 'हां, बरं हाय, ठेव.' नवव्या दिवसापासून फोन बंद झाला.

मग सुरू झाले, मंडळी, एकट्याचे दिवस. मीठ कुठल्या डब्यात, हे शोधायला त्याला दोन दिवस लागले. एकदा आमटी केली की तीन दिवस तीच. सुट्टीच्या दिवशीपण हा कारखान्यात जाऊन बसायचा, थंड बॉयलरपाशी, कारण घरात बसवत नसे. एकदा दुपारी फोन वाजला. त्यानं लगबगीनं उचलला. गॅस कंपनीची बाई होती. बाई कसली, मशीन. यानं ते सगळं ऐकून घेतलं, सिलिंडर कसा लावायचा, नळी कधी बदलायची. शेवटी मशीन म्हणालं, धन्यवाद. हा पण म्हणाला, धन्यवाद.

हसू नका, माउली. तुमच्या गल्लीतपण असा एकजण आहे.

फाल्गुनातली दुपार. पाणी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यात पाणी अर्ध्यावर दिसत होतं. पण नळीची वाट क्षारानं तुंबलेली, ते पाणी खोटं होतं. आत पाणी कधीच खाली गेलेलं. शिवगोंडाला तापल्या लोखंडाचा वास आला. त्यानं भट्टीचं दार उघडलं. छत लालबुंद झालं होतं आणि खाली झुकलं होतं.

त्याला कळलं. बूच वितळायला पाहिजे होतं. ते वितळणार नव्हतं, कारण ते त्यानंच बसवलं होतं. भिंतीपलीकडं तीस बायका-माणसं कामावर. आता आत गार पाणी सोडलं तर सगळं उडणार.

"भायेर व्हा," तो ओरडला, "सगळी भायेर व्हा." आणि लांब दांड्याच्या लोखंडी फावड्यानं भट्टीतली आग बाहेर ओढायला लागला. हात भाजले, भुवया जळल्या, पण त्यानं शेवटचा निखारा बाहेर काढला. छत तेवढं झुकून थांबलं.

माणसांनी त्याला उचलून घेतलं. अण्णासाहेबाचे डोळे भरले. "मामा, देवासारखे हुतासा. उद्या सत्कार करायचा तुमचा."

तो घरी आला. भाजलेल्या हातांना मलम लावायला दुसरा हात नव्हता. जे झालं ते सांगावं असं चार भिंतींत कुणी नव्हतं. सकाळी बॉयलर निवल्यावर त्यानं ते भरीव बूच काढलं. विहिरीत टाकलं असतं तर संपलं असतं. त्यानं खिशात घातलं आणि निपाणीची एसटी धरली.

महानंदानं दार उघडलं. हात बघून तिचं तोंड उतरलं. पाणी दिलं. त्यानं बूच पुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"ह्ये मला कशाला सांगताय, आप्पा? मालकाला सांगा."

"त्याला सांगणारच हाय. आदी तुला." त्यानं बूच बाजूला सारलं. "तुजी आई झोपली न्हवती. दोन दिवस म्हणत हुती, माझ्या नंदीला बोलवा. मी म्हटलं, उद्या बोलवू. तू आलीस की रडशील, तिला तरास हुईल. म्हटलं, उद्या."

आणि मग तो रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, व्याह्याच्या घरात, बाहेरच्या सोप्यात बसून.

लेक त्याच्या गळ्यात पडली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं झालं नाही. ती उठून आत गेली. मग ती ताट घेऊन बाहेर आली.

"आज माझ्याच्यानं तुमास्नी माफ करायला व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "पर जेवून जावा. मी भरवते, हात भाजल्यात."

संध्याकाळी त्यानं अण्णासाहेबाला सांगितलं. सत्कार राहिला, काम गेलं. बॉयलर तपासणीचे सरकारी साहेब आले, त्यांनी त्याचा परवाना काढून घेतला. साहेबांनी विचारलं, "तीस वर्षं काम केलंत. फ्यूजिबल म्हणजे काय, ठाऊक होतं ना?"

"हुतं, साहेब. लौकर वितळतंय त्ये."

"लवकर नव्हे हो," साहेब म्हणाले. "वेळेवर."

पुढं पंधरा दिवस तो घरात एकटा बसून होता. एका रविवारी महानंदा आली. पिशवी खाली ठेवली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता आईचं सगळं सांगा. पयल्या दिवसापास्नं. काय गाळायचं न्हाई." त्यानं सांगायला सुरुवात केली. मध्ये तो रडायचा, मध्ये ती रडायची. दिवेलागण झाली तरी बोलणं चालूच होतं.

मंडळी, देव भेटायचा तेव्हा भेटेल, पण आज मला तुम्हाला विचारायचंय. तुम्ही कुणाला 'उद्या' म्हणून ठेवलंय? भावाला? सुनेला? म्हाताऱ्या बापाला? इथं भजनात टाळ्या वाजवून डोळे पुसणं सोपं आहे हो. ज्याच्यासमोर पुसायला पाहिजेत, तो तुमच्या घरी बसलाय. आरतीला थांबला नाहीत तरी देव रागवायचा नाही. उठा, घरी जा. मी आणि हा पखवाजवाला मिळून आरती करतो.