टिंबानंतरचे पंचेचाळीस

लाँच : काका, तिसरा फेरा झाला. इथं होडी नाही, फळी नाही, काही नाही.

काका : अजून एक मार बाबा. पहाटे इथं किनाऱ्यावर वायरलेसवर धाकटीचा दादाच बोलला, होडीचं इंजिन बंद पडलंय, पाणी आत येतंय, नांगर टाकून थांबतो. त्यानंतर आवाज नाही.

लाँच : थांबला असता तर दिसला असता.

धाकटी : काका, बटण सोडू नका, मला बोलू द्या. दादा उगाच हलणार नाही. लाँच, तुमच्या पडद्यावरच्या तक्त्यात जागा काय दिसतेय?

लाँच : बारा अंश, सत्तावीस मिनिटं. त्याच्यावरच उभा आहे मी, ताई.

धाकटी : मग बरोबर आहे. तक्ता मी तीनदा तपासला. दादाचीच ओळ आहे, वेळही पहाटेचीच...

काका : थांब. सत्तावीस कुठून आले? मी पंचेचाळीस भरलेत.

धाकटी : तेच ते, काका. तुम्ही बारा टिंब पंचेचाळीस भरलंत. मी महिन्यापूर्वी केलेला प्रोग्राम टिंबानंतरच्या आकड्याला साठानं गुणतो आणि लाँचला मिनिटं दाखवतो. पंचेचाळीस शतांश म्हणजे सत्तावीस मिनिटं.

काका : शतांश? शतांश कोण म्हणालं तुला?

धाकटी : टिंब आहे ना मध्ये!

काका : अगं, टिंब मी सव्वीस वर्षं देतोय. अंश संपले, मिनिटं सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. तुझा भाऊ तोंडानं म्हणाला, बारा अंश पंचेचाळीस मिनिटं. कान नाही गेले माझे अजून.

धाकटी : नाही. नाही, काका. असं नसेल. थांबा, जुन्या नोंदींत टिंबानंतर काय आहे बघते. बारा, अठ्ठावन्न... तीस, एकोणसाठ, सात, एक्केचाळीस... काका, तीनशे नोंदी आहेत. टिंबानंतर साठ नाही, सत्तर नाही, नव्वद नाही. एकही नाही. शतांश असते तर असते ना!

काका : कसे असतील? साठ मिनिटांचा अंश होतो.

धाकटी : महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर आहेत हे आकडे.

काका : आणि मला इथं मी भरलं तेच दिसतं. तिकडं बदलून जातंय हे कोणाला ठाऊक? याआधी लाँच कोणाला शोधायला गेली नव्हती गं. दुसरा आकडाही चुकलाय का? पूर्व-पश्चिमेचा?

धाकटी : त्यात टिंबानंतर शून्यच आहे. तो ठीक आहे. फक्त हा. अठरा मिनिटांचा फरक.

काका : म्हणजे अठरा सागरी मैल. सरळ उत्तरेला.

धाकटी : सकाळपासून आपण त्यांना रिकाम्या पाण्यात फिरवतोय!

काका : ओरडू नकोस. बाहेर तुझी वहिनी बसलीये. लाँच, नीट ऐक. पडदा बंद कर. पंचेचाळीस मिनिटं. मी बोलतोय तेच खरं. उत्तरेला अठरा मैल.

लाँच : अठरा? काका, डिझेल जाण्यापुरतं आहे. येण्यापुरतं नाही.

काका : मी तुला जा म्हणू शकत नाही.

लाँच : मी विचारलंय कुठं? वळवली लाँच. मागून कोणालातरी पाठवा, म्हणजे झालं. दीड तास लागेल.

धाकटी : दीड तास! पहाटेपासून पाणी भरतंय त्यात. चार माणसं आहेत, काका. मी लेकाची हुशार, साठानं गुणलं. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. शेजारच्या खुर्चीत तर बसता तुम्ही!

काका : मीही सांगितलं नाही. पोरगी शिकलेली, तिला काय सांगायचं, म्हटलं. आता रडत बसू नकोस. बाकीच्या होड्यांना हाक मारतो मी. तू सगळ्या जागा कागदावर हातानं लिही.

धाकटी : लिहिते. अंश वेगळे, मिनिटं वेगळी.

काका : टिंब देऊ नकोस. वाचता आलं की झालं.

धाकटी : वहिनीनं सकाळी विचारलं, जागा नक्की ना? मी म्हटलं, वहिनी, माझा तक्ता आहे, डोळे झाकून विश्वास ठेव. तेव्हापासून ती बाहेर बसलीये. माझ्या शब्दावर. तिला आत बोलावते.

काका : आत्ता? काही कळलं नसताना? अगं, आधी तो सापडू दे. मग सांग सावकाश.

धाकटी : नाही, काका. तो सापडला तर मग मी सांगणारच नाही.

काका : ...जा. दार उघड.

धाकटी : वहिनी, जरा आत ये. बस इथं.